स्वेच्छेने

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या व्हिडिओ कॉलवर, एचआरमधल्या मुलीनं स्क्रीन शेअर केला आणि एक पीडीएफ उघडली. पानभर मजकूर. पहिलंच वाक्य होतं की मी वैयक्तिक कारणांमुळे, स्वेच्छेने राजीनामा देत आहे.

मी म्हणालो, "पण मी तर राजीनामा देत नाहीये."

ती माझ्याच वयाची होती. तिलाही ते वाक्य आवडत नसावं. ती म्हणाली, आज सही केलीत तर दोन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर मिळेल. नाही केलीत तर प्रोसेस वेगळी होईल. वेगळी म्हणजे कशी, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या अकरा जणांच्या टीममधून चौघांना त्या दिवशी असे कॉल आले. मी ट्रॅकपॅडवर बोट फिरवून सही केली. ती माझी सही वाटतही नव्हती, पण सिस्टिमनं हिरवी टिक दिली. कॉल अकरा मिनिटांत संपला.

पुण्यातली खोली सोडून मी सोलापूरला घरी आलो. आमच्या गल्लीच्या मागे यंत्रमाग आहेत. दिवसभर खटखट चालू. आज्जी रोज एकच वाक्य म्हणायची, "नशिबात होतं बाळा." मला त्याचा राग यायचा. बारावीपासून मी जे काही मिळवलं ते घासून मिळवलं, अशी माझी पक्की समजूत होती. मग गेलं तेव्हाच ते नशीब कसं झालं? आणि नशीबच असेल, तर त्या कागदावर 'स्वेच्छेने' का लिहिलं होतं?

रिकाम्या वेळात माणूस काहीही वाचतो. पास्कल हे नाव मला तीन ठिकाणी भेटलेलं: फिजिक्समध्ये दाबाचं एकक, गणितात त्रिकोण, आणि सी यायच्या आधी शिकवायचे ती प्रोग्रामिंगची भाषा. हा माणूस खरा कोण होता हे शोधताना कळलं, की 1642 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यानं वडिलांचे कराचे हिशेब सोपे व्हावेत म्हणून बेरीज करणारं यंत्र बनवायला घेतलं. मरायच्या काही महिने आधी, 1662 मध्ये, पॅरिसमध्ये ठरलेल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या, पाच सूंच्या तिकिटाच्या घोडागाड्या सुरू केल्या, म्हणजे सिटी बसच. आणि मधल्या काळात तो एका धार्मिक भांडणात उतरला, ज्यावर त्यानं अठरा पत्रं लिहिली. भांडणाचा विषय हाच: माणूस तरतो तो स्वतःच्या इच्छेनं, की देवानं निवडला म्हणून?

या भांडणातल्या एका बाजूला जान्सेनपंथ म्हणतात. मी तीन महिने त्यात अडकून पडलो.

मूळ भांडण फार जुनं. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन आणि ब्रिटनकडून आलेला साधू पेलॅजियस यांच्यात ते जुंपलं. पेलॅजियस म्हणायचा, देवानं आज्ञा दिल्या म्हणजे त्या पाळायची ताकदही माणसात असणारच. ऑगस्टीन म्हणाला, नाही. आदमाच्या पापानंतर माणसाची इच्छाच मोडली; देवाची कृपा झाल्याशिवाय त्याला चांगलं हवंसंसुद्धा वाटणार नाही. आणि कृपा कोणावर होणार हे देवानं आधीच ठरवलंय. चर्चनं पेलॅजियसला चूक ठरवलं, पण ऑगस्टीनचं म्हणणं पूर्ण पेलवणं त्यालाही जड गेलं.

हे वाचताना मला शेजारच्या विठ्ठल मंदिरातल्या कीर्तनात ऐकलेले मर्कटन्याय आणि मार्जारन्याय आठवले. माकडिणीचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहतं; सुटलं तर पडलं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही. आईच त्याला मानेला धरून उचलते. भक्त कुठला? तामिळनाडूतल्या श्रीवैष्णवांमध्ये यावरून वडकलै आणि तेंकलै असे दोन पंथ पडले आणि देवळातल्या हक्कांसाठी इंग्रजांच्या कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या खटले चालले. त्यामुळे युरोपवाले कृपेवरून का भांडले याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. ऑगस्टीन मांजरवाला. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट कॅल्विन त्याहून कडक मांजरवाला. (सोलापुरात अमेरिकन मराठी मिशननं शाळा-चर्च उभारली, त्या मिशनचं मूळही कॅल्विनच्याच परंपरेत आहे, तर हे सगळं आमच्या गावापासून वाटतं तितकं लांब नाही.)

कॅथलिक चर्चमध्ये माकडांची बाजू घेतली जेझुइटांनी. स्पॅनिश जेझुइट मोलिनानं 1588 मध्ये मांडलं, की देव प्रत्येकाला पुरेशी कृपा देतो. ती घ्यायची की नाही हे माणसाच्या हातात. डॉमिनिकन पंथाचे लोक खवळले. प्रकरण रोमला गेलं, 1598 पासून 1607 पर्यंत पोपच्या समितीसमोर चाललं, आणि शेवटी पाचव्या पॉलनं निकालच दिला नाही. दोघांनी एकमेकांना पाखंडी म्हणू नका, निर्णय पुढे सांगू, असं म्हणून त्यानं सगळ्यांना घरी पाठवलं. तो निर्णय आजही आलेला नाही. तिकीट ओपनच आहे.

मग आला कॉर्नेलियस जान्सेन. लूवेन विद्यापीठातला डच प्राध्यापक, पुढे ईप्रचा बिशप. ऑगस्टीनचं सगळं लेखन त्यानं दहा वेळा आणि कृपेवरचं तीस वेळा वाचलं होतं असं सांगतात. 1638 साली तो प्लेगनं मेला आणि 1640 मध्ये त्याचा 'ऑगस्टिनुस' हा जाडजूड लॅटिन ग्रंथ छापला गेला. त्याचा दावा होता की मी नवं काहीच सांगत नाही, ऑगस्टीन काय म्हणाला तेवढंच सांगतो, आणि त्यानुसार जेझुइट चुकतात. म्हणजे ज्या माणसाच्या नावानं हा पंथ ओळखला जातो, त्याला तो पंथ झालेला दिसलाच नाही.

पंथ उभा राहिला फ्रान्समध्ये, तोही बायकांच्या मठात. पोर-रॉयाल हा पॅरिसच्या नैर्ऋत्येला एका दरीतला जुना मठ. तिथली प्रमुख आंजेलिक आर्नो हिला घरच्यांनी 1602 मध्ये, अकराव्या वर्षी, मठाधिपती करून टाकलं होतं. वकिलांचं मोठं घराणं, मुलीची सोय लावली. तिनं विचारलं नव्हतं, तिला कोणी विचारलं नव्हतं. पण अठराव्या वर्षी तिनं मठाचे नियम खरोखर पाळायचे ठरवले. 1609 च्या सप्टेंबरात वडील भेटायला आले तेव्हा दार उघडलं नाही. जाळीच्या खिडकीतूनच बोलली. पुढे जान्सेनचा मित्र सँ-सिराँ या मठाचा मार्गदर्शक झाला. त्याला मंत्री रिशल्यूनं 1638 मध्ये तुरुंगात टाकलं. रिशल्यू मेल्यावरच तो सुटला. आंजेलिकचा सगळ्यात धाकटा भाऊ आंत्वान आर्नो हा चळवळीचा मोठा पंडित. आणि पास्कलची धाकटी बहीण जाकलीन 1652 मध्ये याच मठात दाखल झाली.

हे लोक मला आवडावेत असे नव्हते, हे आधीच सांगतो. फार कडक. मनाची पूर्ण तयारी नसेल तर प्रसाद घेऊ नये, असं सांगणारे. बाप्तिस्मा न झालेलं तान्हं मूल मेलं तर तेही तरत नाही, या ऑगस्टीनच्या मताला चिकटून राहणारे. पापाची कबुली द्यायची वेळ आली असती तर मी निमूट जेझुइटांच्या रांगेत उभा राहिलो असतो.

1653 मध्ये पोप दहाव्या इनोसंटनं पाच विधानं निषिद्ध ठरवली. पहिलं असं, की काही आज्ञा सज्जनालाही प्रयत्न करूनही पाळता येत नाहीत, कारण त्या पाळायला लागणारी कृपाच त्याला मिळालेली नसते. पाचवं, की ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला असं म्हणणं चूक. रोमचा रोख जान्सेनच्या पुस्तकावर होता. इथे आर्नोनं जी चाल केली ती वाचून मी आमच्या टीमच्या जुन्या ग्रुपवर मेसेज टाकला. तो म्हणाला: ही विधानं चूक आहेत, मान्य. चर्चला ते ठरवायचा अधिकार आहे, मान्य. पण ती विधानं या पुस्तकात आहेत का, हा तत्त्वाचा प्रश्न नाही, वस्तुस्थितीचा आहे. आणि वस्तुस्थिती पोपच्या आज्ञेनं बदलत नाही.

आमच्या भाषेत: पाच बग रिपोर्ट झालेत. ते बग आहेत याबद्दल वाद नाही. पण ते या कोडमध्ये आहेत म्हणता, तर ओळ क्रमांक द्या. पहिलं विधान पुस्तकात जवळजवळ तसंच सापडतं. बाकीच्या चारांचा ओळ क्रमांक शेवटपर्यंत कोणाला सर्वांच्या समाधानापुरता देता आला नाही. 1656 मध्ये पुढच्या पोपनं सरळ जाहीर केलं, की पाचही विधानं पुस्तकात आहेत आणि जान्सेनच्याच अर्थानं आहेत. बग क्लोज.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला सोर्बोननं आर्नोला दोषी ठरवून बाहेर काढायची तयारी चालवली, तेव्हा त्याच्या बाजूनं पास्कल लिहायला बसला. पत्रं टोपणनावानं, चोरून छापलेली. स्वतः पास्कल पॅरिसमधल्या जेझुइट कॉलेजच्या समोरच्याच खाणावळीत खोट्या नावानं राहत होता. त्याचा मेहुणा तिथेच उतरला होता. एकदा एक जेझुइट त्याला भेटायला आला, तेव्हा नव्या पत्राचे ओले कागद पडद्यामागे पलंगावर वाळत होते.

पत्रांमधला सगळ्यात धमाल भाग 'पुरेशा कृपे'चा. डॉमिनिकनांनी राजकारण म्हणून जेझुइटांचा हा शब्द स्वीकारला होता, पण अर्थ वेगळा: पुरेशी कृपा सगळ्यांना मिळते, मात्र प्रत्यक्ष काही करायला आणखी एक कृपा लागते आणि ती सगळ्यांना मिळत नाही. पास्कल भोळा चेहरा करून विचारतो, मग ती पुरेशी कशी? मी हसलो, मग थांबलो. आमच्या कॉलेजात प्लेसमेंटच्या वेळी नोटीस लागायची: साठ टक्के, बॅकलॉग नाही, एवढ्यावर 'सर्व पात्र'. एकशे ऐंशी पात्र आणि निवड बावीस. माझ्या बाकावर बसणारा मुलगा माझ्यापेक्षा चांगला कोड लिहायचा. त्याचं इंग्रजी इंटरव्ह्यूत अडखळलं. तो आज वडिलांचे माग बघतो. मी निवडला गेलो तेव्हा मला ती माझी लायकी वाटली होती.

पाचव्या पत्रात भारत येतो, ओझरता. पास्कल आरोप करतो की हिंदुस्थानात आणि चीनमध्ये जेझुइट नव्या ख्रिस्ती लोकांना मूर्तीपुढे झुकू देतात. कपड्यांच्या आत ख्रिस्ताची प्रतिमा लपवा आणि मनातल्या मनात नमस्कार तिला करा, म्हणतात. पास्कलला यात निव्वळ लबाडी दिसली. मला इथे तो पटत नाही. त्याच्या चाळीस वर्षं आधी, 1616 मध्ये, गोव्यात रायतूरला थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं 'क्रिस्तपुराण' छापलं, मराठीत, सुमारे 11,000 ओव्यांमध्ये. गोव्यातली सत्ता देवळं पाडत होती, हेही तितकंच खरं, आणि स्टीफन्स त्याच व्यवस्थेतला होता. पण कृपा सगळ्यांना पुरेशी आहे असं मानणारा माणूसच साष्टीतल्या शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत लिहायची खटपट करेल, असं मला वाटतं. निवडलेले आधीच ठरलेत म्हणणारा इतक्या ओव्या कशाला रचेल? (जेझुइटांचंही पुढे बरं झालं नाही. 1759 मध्ये पोर्तुगालनं त्यांना हाकललं, गोव्यातल्यांना धरून जहाजात घातलं. आणि फ्रान्समध्ये 1764 मध्ये त्यांच्यावर बंदी आणण्यात जान्सेनपंथी वकील पुढे होते.)

पत्रं गाजली, बंदी आली, 1660 मध्ये राजाच्या आदेशानं जाळली गेली. पण मला धरून ठेवलं ते यानंतरच्या गोष्टीनं.

1661 मध्ये चौदाव्या लुईच्या सरकारनं फर्मान काढलं, की देशातल्या प्रत्येक पाद्र्यानं, साधूनं आणि जोगिणीनं एका छापील मजकुरावर सही करावी. मजकूर असा: पाच विधानं मी मनापासून धिक्कारते, आणि ती जान्सेनच्या पुस्तकात आहेत हे मान्य करते.

पोर-रॉयालमधल्या बायकांनी 'ऑगस्टिनुस' वाचलं नव्हतं. लॅटिन धर्मशास्त्र त्यांना शिकवलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की जे पुस्तक आम्ही वाचलं नाही, त्यात काय आहे याची साक्ष आम्ही देवासमोर कशी द्यावी? बिशपचं उत्तर सोपं होतं. तुम्हाला समजायची गरजच नाही. आज्ञा आहे, सही करा.

आर्नोसारख्या पुरुष पंडितांनी मधला मार्ग काढला. सहीच्या आधी एक गोलमोल प्रस्तावना घालू, म्हणजे तत्त्वावर सही आणि वस्तुस्थितीवर मौन, असा अर्थ निघेल. जाकलीन पास्कलनं त्या जूनमध्ये एक संतापलेलं पत्र लिहिलं. तिचा मुद्दा असा, की बिशपच मुलींसारखे घाबरत असतील तर बिशपांचं धैर्य मुलींनी दाखवायला हवं. आणि खरं लपवण्यासाठी रचलेलं वाक्य हे खोटंच. एवढं लिहून शेवटी, सगळ्यांच्या दबावाखाली, तिनंही सही केली. 4 ऑक्टोबर 1661 ला ती गेली. त्या दिवशी तिला छत्तीस वर्षं पूर्ण झाली होती. सहीच्या धक्क्यानं गेली असं तिच्या माणसांना वाटत राहिलं; वैद्यकीय कारण काही असो. भाऊ नंतर मधल्या मार्गाच्या इतका विरोधात गेला, की मित्रांशी याच मुद्द्यावर वाद घालताना त्याला भोवळ आली. पुढच्या ऑगस्टमध्ये तोही गेला, एकोणचाळिसाव्या वर्षी.

ती गोलमोल प्रस्तावना रोमनं आणि राजानं मान्य केलीच नाही. पुन्हा सही मागितली, या वेळी प्रस्तावनेशिवाय. 26 ऑगस्ट 1664 ला पॅरिसचे आर्चबिशप पेरेफिक्स गाड्या आणि शिपाई घेऊन पोर-रॉयालच्या पॅरिसमधल्या मठात आले आणि बारा जणींना उचलून वेगवेगळ्या मठांत नेऊन ठेवलं. या बायका देवदूतांसारख्या शुद्ध आणि सैतानासारख्या गर्विष्ठ आहेत, असं ते म्हणाल्याचं प्रसिद्ध आहे. नेलेल्यांत आंजेलिकची भाची, आंजेलिक द सँ-जाँ होती. तिनं नंतर त्या कैदेची हकिगत लिहिली. एकटीला ठेवलं, बाहेरची पत्रं बंद, प्रसाद बंद, आणि रोज कोणीतरी येऊन सांगणार की बाकीच्यांनी सही केली, तूच राहिलीस. एका रात्री आपला सगळाच विश्वास हलला, हेही तिनं लपवलं नाही. सही मात्र केली नाही.

1665 मध्ये सही न करणाऱ्या सगळ्यांना दरीतल्या जुन्या मठात कोंडलं. पहारे, प्रसाद नाही, मरताना अंत्यसंस्कार नाहीत. 1669 मध्ये नव्या पोपशी तडजोड झाली तोवर हे चाललं. पुढे दहा वर्षांनी नवी मुलगी घ्यायला बंदी आली, म्हणजे मठ म्हातारा होऊन मरेल अशी व्यवस्था. तरी राजाला धीर धरवला नाही. 29 ऑक्टोबर 1709 ला पोलिसांनी उरलेल्या बावीस जणींना बाहेर काढून पांगवलं. नंतर इमारती पाडल्या आणि कबरी उकरून हाडं दुसरीकडे नेऊन टाकली. पंथ त्यानंतरही टिकला. 1713 च्या फतव्यावरून भांडला, स्मशानातल्या चमत्कारांपर्यंत घसरला, छुपं साप्ताहिक चालवत राहिला. त्या सगळ्यात मला फार रस नाही.

मला सुटत नाही ती एकच गोष्ट. या बायका मांजरीची पिल्लं होत्या. आपल्या इच्छेत काही दम नाही, सगळं कृपेवर आहे, हे त्यांचं मत. आणि त्याच एका सहीसाठी वर्षानुवर्षं अडून बसल्या. मी उलटा. मेहनत, रँक, रेटिंग, सगळं माझ्या हातात, असं मानून मोठा झालेला. 'स्वेच्छेने' या खोट्या शब्दाखाली सही करायला मला अकरा मिनिटं लागली, त्यातली चार नेटवर्क गेल्यामुळे. त्यांना साक्ष ऐकणारा कोणीतरी वर बसलाय असं खात्रीनं वाटत होतं, म्हणून जमलं का? शक्य आहे. मला ती खात्री नाही. मला घरभाडं होतं.

जूनमध्ये एका दुपारी आज्जीला हे सगळं माझ्या भाषेत सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, तुझ्या आजोबांनीपण दिलती की सही. गिरणी बंद पडायच्या आधी स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला होता, इंग्रजीत. आजोबांना कानडी वाचता यायचं, मराठी अडखळत. जॉबर म्हणाला, कर बे सही, सगळे करायलेत. त्यांनी केली. त्यात काय लिहिलंय हे नंतर कोणाकडून वाचून घेतलं का, विचारलं. "कशाला?" आज्जी म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, शेंगांची टोपली बाजूला सारून: "त्यादिवशी जेवले नाहीत."

ते कधी याबद्दल बोलले नाहीत. मीही त्यांना विचारलं नव्हतं. ते गेले तेव्हा मी नववीत होतो.

आता नवीन नोकरीची ऑफर आलीये. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म आहे. आधीची नोकरी सोडण्याचं कारण विचारलंय, ड्रॉपडाउनमध्ये दोन पर्याय: 'स्वेच्छेने राजीनामा' आणि 'इतर'. 'इतर' निवडलं की खाली पाचशे अक्षरांची चौकट उघडते. रिलीव्हिंग लेटरशी जुळलं नाही तर विचारणा होईल, असं तारांकित टीपेत लिहिलंय. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. आज बुधवार.